गोदूबाईचा कायदा, चंद्राचा गोठा

…तर गोदूबाईने सुनेच्या उशाचा पाण्याचा तांब्या उचलला, कपाटात ठेवला, किल्ली फिरवली आणि ती कनवटीला लावून बाहेर येऊन बसली. तांब्याशीच थांबलो होतो ना आपण काल? आणि जाता जाता कुणीतरी विचारलंत, पाण्याला कधी कोण कुलूप लावतं का हो? गोदूबाई लावते. राहनाळ गावात सोन्याचं कपाट उघडं राहील, पण बाळंतिणीच्या खोलीत पाणी उघडं राहायचं नाही.

कायदाच होता तिचा तसा. बाळंतिणीने पाणी प्यायलं की तिचं पोट सुटतं, दूध पातळ होतं आणि त्या पातळ दुधाने पोराच्या छातीत कफ होतो. हे तिला कुणी सांगितलं? तिच्या सासूने. सासूला कुणी सांगितलं? तिच्या सासूने. असं मागे मागे जात राहिलं तर थेट त्या बाईपर्यंत पोचू, जिच्या घरची विहीर बहुधा आटली होती आणि तसं कबूल करायची तिला लाज वाटली असावी.

गोदूबाई मूळची गणेशपुरीकडची. लग्न होऊन राहनाळात रामनाथच्या घरी आली तेव्हा घरापुढे भाताची खाचरं होती आणि मागे गोठा. आता घरापुढे गोडाऊन, बाजूला गोडाऊन, आणि देवळात जायचं तरी दोन कंटेनरच्या मधून अंग चोरून जावं लागतं. गोडाऊनचं भाडं घरात यायला लागलं तशा गावातल्या म्हशी एकेक करून गेल्या. पिशवीतलं दूध दारात येतं, मग शेण कोण काढणार? गोदूबाईने मात्र एक म्हैस ठेवली. तिचं नाव चंद्रा. काळी कुळकुळीत, कपाळावर पांढरा टिकला, आणि स्वभावाने मालकिणीसारखीच. मनाविरुद्ध झालं की लाथ.

म्हशीचं नंतर. आधी तिच्या मानमरातबाचं सांगतो. गावात कुणाच्या सुनेला दिवस गेले की पेढे पहिले देवापुढे, दुसरे गोदूबाईपुढे. पोर झालं की फोन आधी तिला, मग पोराच्या बापाला. ती येणार, पायरीवरच चपला झटकणार, बाळंतिणीच्या बाजेवर मांडी ठोकून बसणार आणि काय काय खायचं नाही ते एका दमात सांगणार. डाळ नको, वायू होतो. पालेभाजी नको, पोराला जुलाब होतात. भात नको, थंड. केळं नको, त्याहून थंड. मासळीचं तर नावच काढायचं नाही. आणि हे सगळं बाजूच्या खोलीत बोंबलाचा तवा चुरचुरत असताना! सगळं घर बोटं चाटतंय, आणि जिने पोर जन्माला घातलं ती भाकरीला लसणाची चटणी लावून भिंतीकडे बघतेय.

"मग खायचं तरी काय, मावशी?" कुणी विचारलंच, तर मात्र गोदूबाईला जरा आठवावं लागे.

"भाकरी हाय ना. तूप हाय. सुंठ हाय. अजून काय पायजे? लग्नाचं जेवन हाय का?"

असा सगळा कारभार. आणि आता पाळी आली तिच्या स्वतःच्या सुनेची.

सून भाग्यश्री. भिवंडी शहरातली, कॉमर्सची पदवीधर, मानकोलीच्या लॉजिस्टिक पार्कात कॉम्प्युटरवर ड्युटी. गोदूबाईचा शैलेश तिथेच सुपरवायझर, तिथेच जमलं. पोरगी हसरी, पण एकदा नाही म्हणाली की नाहीच. गोदूबाई गावभर सांगायची, "आमची सून लई शिकलेली हाय." घरात सांगायची, "शिकलीस ती हाफिसात. हिथं मी शिकवीन."

बाळंतपण सरकारी दवाखान्यात झालं. मुलगी झाली. नर्सने लगेच पोरीला आईच्या छातीशी दिलं आणि बजावलं, "हे पहिलं पिवळं दूध अजिबात टाकायचं नाही. आणि वरचं काही नाही. मध नाही, गूळपाणी नाही."

"न्हाय न्हाय, बाय," गोदूबाई म्हणाली. तिच्या ब्लाउजमध्ये काजळाची डबी होती, डबीत मध होता. नर्सची पाठ वळली आणि गोदूबाईचं बोट पोरीच्या तोंडात गेलं. मग सुनेला दरडावून, "त्ये पिवळं पिळून टाक गो. जड असतंय. साठलेलं. पोराला पचायचं न्हाय." भाग्यश्री दमलेली, टाके दुखतायत, आजूबाजूला बायकांची गर्दी. तिने थोडं पाजलं, थोडं टाकलं.

आणि आता ऐका. दुसऱ्याच दिवशी रामनाथचा दवाखान्यात फोन आला, की चंद्रा व्यायच्या बेतात आहे. गोदूबाई ताडकन उठली. सुनेला म्हणाली, "मी जाते. त्या पारडाच्या पोटात येळेवर चीक गेला न्हाय तं त्ये हुभं राहाचं न्हाय. पहिल्या चिकातच सगळी ताकद असते." रिक्षात बसून घरी. पारडी जन्मली, तिला धरून चंद्राच्या सडाला लावली, पोटभर चीक पाजला, आणि उरलेल्या चिकाचा खरवस करून संध्याकाळी डबा भरून दवाखान्यात आणला. वेलची वगैरे घालून. नर्सलाही वडी दिली.

नर्स वडी खात म्हणाली, "पारडीला पाजलात ना आधी?"

"मग! मी काय अडानी हाय?" गोदूबाई म्हणाली.

भाग्यश्री खाटेवरून हे ऐकत होती. नुसती त्या वडीकडे बघत राहिली, पिवळट, जाड, थरथरती वडी.

घरी आल्यावर मागची खोली मिळाली. शेगडी, ओव्याची धुरी, कानाला फडकं, खिडकी अर्धी बंद. ही खिडकी गोठ्याकडे उघडते. इतकी वर्षं त्या घरात राहून गोदूबाईच्या ते कधी डोक्यात आलं नव्हतं, कारण खिडकीच्या आत ती कधी बाजेवर पडून राहिली नव्हती. पडली होती म्हणा एकदा, शैलेशच्या वेळी, पण तेव्हा सासू जिवंत होती आणि खिडकी पूर्ण बंद होती.

तर खिडकीच्या आत एक बाळंतीण आणि बाहेर दुसरी. आतलीला सकाळी भाकरी, दुपारी भाकरी, आणि घशाला कोरड पडली म्हणाली तर सुंठेची गोळी. बाहेरचीला गूळ घालून शिजवलेली बाजरी, सरकी, पेंड, ओला चारा आणि कोमट पाण्याची बादली. ही बादली रामनाथने न्यायची. बिचारा पंचा गुंडाळून दिवसभर बादल्या वाहायचा. जाताना सुनेच्या दारावरूनच जायचा. एकदा दारातून हळूच आवाज आला, "बाबा, थोडं पाणी…" रामनाथ थबकला. तेवढ्यात ओसरीवरून गर्जना, "बादली कुठं राहिली? चंद्राचं तोंड सुकलं तं दूध कुठनं यायचं?" रामनाथ निघाला. पुरुषमाणूस, बायकांच्या कायद्यात कसा पडणार! एरवी गावच्या प्रत्येक भानगडीत पडायचा तो भाग वेगळा.

पाहुण्यांचं तर विचारूच नका. गोदूबाईच्या सुनेला बघायला कोण येणार नाही? सकाळपासून खोलीत बायका. कुणी पोरीचे गाल ओढतेय, कुणी नाक बघतेय, कुणी म्हणतेय रंग जरा बापाकडचा आला. आणि मुख्य चौकशी तोंडावरच:

"दूध येतंय का गो?"

"येतंय."

"दिसत न्हाय तसं. बघू. पाज बरं."

आता सहा बायकांच्या नजरेसमोर छाती उघडून बसायचं आणि म्हणायचं, ये रे दुधा. पोरगी रडायची, भाग्यश्री घामाने डबडबायची, बायका माना हलवायच्या. आणि याच बायकांपैकी एखादी जाताना गोठ्याकडे वळली, की गोदूबाई काठी घेऊन आडवी. "तिकडं न्हाय! चंद्रा पान्हा चोरते. परकं मानूस दिसलं की थेंब सोडत न्हाय ती. जरा तिला निवांत ऱ्हाऊ द्या!"

खिडकीतून हे सगळं आत ऐकू जात होतं.

बारशाच्या सकाळी अंगणवाडीची कमळताई वजनकाटा घेऊन आली. काटा दाराला अडकवला, झोळीत पोरगी ठेवली, बघितलं, आणि तिचा चेहरा पडला. वजन वाढायचं सोडून जन्माच्या वेळेपेक्षाही कमी. "वरचेवर पाजा," ती म्हणाली. "हिला पाणी द्या, पोटभर जेवण द्या. दुपटी भिजायची कमी झाली किंवा पोरगी मलूल दिसली तर तसंच उठून दवाखान्यात न्या." आणि तिने पिशवीतून चित्रांचा तक्ता काढला. तक्त्यावर गोरीपान आई हसतेय आणि तिच्यापुढे सफरचंद, द्राक्षं आणि हिरवा फ्लॉवर. राहनाळात हिरवा फ्लॉवर! कमळताईलाही तो कधी बघायला मिळाला नव्हता, पण वरून तक्ता आला म्हणून ती दाखवायची.

"तुना पोरं किती?" गोदूबाईने विचारलं.

"एक मुलगी."

"मग गप ऱ्हा."

पण वजन ते वजन. गोदूबाईला आतून धक्का बसला होताच. तिने डोळे मिटले, मान डोलावली आणि गावात आजवर ज्या कितीतरी पोरींना ऐकवलं तेच स्वतःच्या सुनेला ऐकवलं: "हिला दूधच न्हाय."

झालं. निकाल लागला. त्यावर अपील नाही.

संध्याकाळी बारसं. पोरीचं नाव पूर्वा ठेवलं. घुगऱ्या वाटणं चालू असताना धनेशशेठ आला. शेठ म्हणजे आपलाच भूमिपुत्र, बापाची खाचरं होती तिथे आता त्याची गोडाऊनं आहेत. पुढची निवडणूक लढवायची म्हणून गावातल्या प्रत्येक बारशाला, साखरपुड्याला, तेराव्याला हजर. सोबत फोटो काढणारा. हातात 'नवमाता सन्मान भेट', म्हणजे चकचकीत टोपली. टोपलीवर शेठचा हात जोडलेला फोटो, टोपलीत खुळखुळा, टॉवेल आणि मधोमध दुधाच्या पावडरीचा मोठा डबा. त्या पावडरीचा माल त्याच्याच एका गोडाऊनात उतरतो, हा निव्वळ योगायोग.

कमळताई हळूच म्हणाली, "शेठ, असे डबे फुकट वाटायला कायद्याने बंदी आहे."

"फुकट कुठे वाटतोय, ताई?" शेठ म्हणाला. "प्रेमाने वाटतोय."

फोटो निघाला. फोटोत शेठ, टोपली, डबा, गोदूबाई. पोरगी आणि तिची आई चौकटीत बसल्या नाहीत.

पाहुणे गेल्यावर गोदूबाईने फर्मान काढलं. उद्या दिवेलागणीला, चांगला दिवस आहे, देवापुढे ठेवून डबा फोडायचा. शैलेश म्हणाला, "आई, डॉक्टरला विचारू या का आधी?" गोदूबाई म्हणाली, "डबा हाय, पानी हाय, त्यात डॉक्टर कनाला पायजे? एक चमचा घालायचा. जास्त घातली तं डबा लवकर संपंल." म्हणजे बघा, आईच्या दुधात पाणी जाईल म्हणून तांब्याला कुलूप, आणि डब्याच्या दुधात पाणीच पाणी.

भाग्यश्रीने एवढंच विचारलं, "आई, मला पाजायचंय. अजून थोडे दिवस…"

"पायजे म्हनून दूध येतंय का गो? हाय का न्हाय, ह्ये मना दिसतंय."

विषय बंद. दिवेलागणीपर्यंत काय ते.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या धारेची वेळ झाली. गोदूबाई चरवी घेऊन निघाली. जाता जाता सुनेच्या खोलीत डोकावली तर बाज रिकामी. पोरगी नाही, सून नाही. शेगडी एकटी धुमसतेय. मोरीत बघितलं, नाही. गच्चीवर बघितलं, नाही. माहेरी गेली की काय? गेली असेल तर उद्या गाव काय म्हणेल? गोदूबाईची सून बारशाच्या दुसऱ्या दिवशी उपाशी पळाली! गोदूबाईला पोरीची काळजी नव्हती असं नाही. होती. पण ओळीत पहिली अब्रू उभी होती, तिच्या मागे पोरगी.

आणि मग ती गोठ्याच्या दाराशी येऊन थांबली.

गोठा म्हणजे काही तुम्हाला वाटतं तसला नाही. गोदूबाई घर एकदा पुसत असेल तर गोठा दोनदा धुते. वरती पंखा. तर त्या पंख्याखाली, चंद्राच्या दावणीपासून हातभर अंतरावर, गोणपाटाच्या घडीवर पाठ टेकून भाग्यश्री बसलेली. कानाचं फडकं सोडून टाकलेलं. मांडीवर पूर्वा, छातीशी. रामनाथने चंद्रासाठी नुकतीच आणलेली कोमट पाण्याची बादली शेजारी, आणि त्यात बुडवलेला स्टीलचा पेला. चंद्रा निवांत रवंथ करतेय. पारडी कोपऱ्यात झोपलेली.

"अगं ये भवाने! ह्ये काय चाललंय?" गोदूबाई ओरडली.

चंद्राने मान झटकली आणि पाय आपटला.

"हळू, आई," भाग्यश्री म्हणाली. "दूध उतरतंय."

आता पंचाईत बघा. धारेची वेळ. आवाज चढवला तर चंद्रा पान्हा चोरणार, हे गोदूबाईइतकं कुणाला ठाऊक? सुनेला हाताला धरून ओढली तर दावं तुटेपर्यंत लाथा. बाहेर कुंपणाशी तोवर दोन-चार शेजारणी जमल्या होत्या, सून म्हशीच्या शेजारी बसलीय हे गावात पसरायला वेळ लागत नाही. गोदूबाईने सवयीने काठी उचलली, "तिकडं न्हाय! लांब व्हा! निवांत ऱ्हाऊ द्या!" आणि बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आज तिने एकीला नाही, दोघींना निवांत ठेवलं.

मग राहनाळातली सगळ्यात मोठ्या आवाजाची बाई गोठ्यात वाकली आणि कुजबुजत भांडायला लागली. अख्ख्या आयुष्यात तिने हा प्रकार केला नव्हता. चेहरा लाल, शिरा ताठलेल्या, आणि आवाज मात्र देवळातल्यासारखा.

"उठ हितनं. गाव बघतंय."

"गाव बाहेर आहे. माझ्या खोलीत असतं तेव्हा आत असतं."

"बाळंतीन गोठ्यात बसते का?"

"इथे पाणी मिळतं."

"ते चंद्राचं हाय!"

"तेच सांगतेय," भाग्यश्री तितक्याच हळू म्हणाली. "तिला तहान लागली की बादली येते. मला लागली की कुलूप. तिच्या पारडीला पहिला चीक, माझ्या मुलीला काजळाच्या डबीतला मध. तिला परकं माणूस दिसलं तर दूध उतरत नाही, आणि मी सगळ्या आळीसमोर पाजून दाखवायचं. आई, मी तुमच्याकडे जास्त काही मागत नाही. मला सुनेसारखं नका वागवू. म्हशीसारखं वागवा. बस."

मोठ्याने ओरडून वेळ मारून न्यायची गोदूबाईला सोय नव्हती. तिने नजर वळवली ती पूर्वाच्या तोंडावर गेली. पोरगी चोखत होती, सोडत होती, रडकुंडीला येत होती, परत चोखत होती. आणि गोदूबाईला एकदम ते दिसलं. इतके दिवस खोलीत बसून सुनेच्या छातीकडे बघितलं होतं, पोरीच्या तोंडाकडे नव्हतं. पारडीच्या वेळी ती नेमकी तोंडाकडेच बघते.

"अगं येडे," ती कुजबुजली, "नुसतं टोक काय देतेस तिला? टोकाला का दूध असतंय? पारडीपन असं टोक चावत बसली की उपाशी मरते." चरवी खाली ठेवली, चुळबूळ करत खाली बसली, हात पदराला पुसले आणि पोरीला अल्लाद उचललं. "पोट तुझ्या पोटाला लाव तिचं. वाकडी मान करून कोन पितंय? तू पिशील का? आता तिच्या वठाला लाव, थांब, घाई नको… मोठा आ करू दे… हां, आता! तोंडभर. हनवटी टेकली पायजे. काळा भाग पन जाऊ दे आत."

पोरीने तोंडभर घेतलं. आधी भराभर, मग सावकाश, लांब लांब घोट. गळ्याची हालचाल दिसायला लागली. गटक, गटक. भाग्यश्रीने डोळे मिटले. तिचे खांदे कानापाशी चढून बसले होते ते हळूहळू खाली आले.

गोदूबाई बघत राहिली. मग तिने काय करावं? बादलीतला पेला भरला आणि सुनेपुढे धरला. "पी," ती म्हणाली. "तोंड सुकलं तं दूध कुठनं यायचं?"

आणि मग चंद्राची धार काढायला बसली, जसं काही झालंच नाही.

दिवेलागणीला डबा देवापुढून उचलून फळीवर गेला. पूर्वाची दुपटी भिजायला लागली, आणि भिजलेल्या दुपट्याचं इतकं कौतुक त्या घरात कधी झालं नसेल. गोदूबाई ते दोरीवर टाकताना रस्त्याने जाणाऱ्यांना दाखवायची. कनवटीची किल्ली गेली. उशाशी तांब्याच्या जागी हंडा आला. सकाळी अळिवाची खीर, दुपारी डाळ-भात, मेथी, शेपू, रात्री भाकरीबरोबर मांदेलीचं कालवण. रामनाथच्या खेपा तशाच राहिल्या, फक्त आता अर्ध्या आत आणि अर्ध्या बाहेर. आणि दाराशी काठी घेऊन गोदूबाई. "आत न्हाय! पोर पितेय. खिडकीतनं पन न्हाय!" ज्या बायकांना तिने हौसेने बोलावून बसवलं होतं, त्यांनाच आता ती ढेकळं मारायची बाकी होती. कमळताईने काटा लावला, वजन चढलं. "छान," ती म्हणाली. गोदूबाई म्हणाली, "तुझ्या त्या हिरव्या फुलाबिगर चढलं." कमळताई हसली आणि तक्ता पिशवीतच ठेवला.

इथवर गोड. आता खारट.

तेवढ्यात आला स्तनपान सप्ताह. धनेशशेठने आपल्या रिकाम्या गोडाऊनात सोहळा ठेवला. बॅनर केवढा, तर दोन कंटेनर झाकले जातील. त्यावर एक आई खाली बघून हसतेय, कुणाकडे हसतेय ते कळत नाही, कारण बाळाच्या जागी शेठचा फोटो चिकटवलेला. स्टेजवर सगळे पुरुष. प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. खाली पत्र्याच्या उकाड्यात पोरं घेऊन बसलेल्या बायका, त्यांच्यापुढे काही नाही. भाषणं चालू, 'आईच्या दुधाला जगात तोड नाही.' एका बाईचं पोर रडायला लागलं, तिने पदर घेतला, तर शेठचा कार्यकर्ता धावत आला. "ताई, जरा मागे जाऊन पाजा ना. फ्रेममध्ये येतंय."

मग शेठने माइक घेतला. "आपल्या गावाच्या अनुभवी माता, गोदूमावशी, यांनी दोन शब्द बोलावेत!" टाळ्या. गोदूबाई नऊवारी सावरत वर चढली, हातात पिशवी. पिशवीतून डबा काढला, सील न तोडलेला, आणि शेठच्या हातात दिला. "ह्यो तुमचा. तुम्ही प्रेमानं दिला, मी प्रेमानं परत आनला." गोडाऊन हसलं. शेठही हसला, फोटो चालू होता ना.

हसू विरलं तशी मागच्या खुर्च्यांमधून एक पोरगी उठली. मृणाली, वरच्या आळीतली. कडेवर दोन वर्षांचा पोरगा, किरकिरा, हाडं दिसणारा.

"मावशी, मला एक विचारायचंय," ती म्हणाली. आवाज चढला होता. "माझ्या वेळी तुम्हीच आला होता. पाणी बंद तुम्ही केलंत. डाळ, भाजी, मासे, सगळं बंद तुम्ही केलंत. मी पाजते म्हणत होते, तर सगळ्यांसमोर तुम्ही बोललात, हिला दूधच न्हाय. मग डबा आला. एक चमचा घालून. तुमच्या सुनेचं दूध आलं, मावशी. मग माझं काय झालं होतं?"

स्टेजवरचा एकजण बाटलीचं झाकण फिरवत राहिला. भाग्यश्री पुढच्या रांगेत पूर्वाला घेऊन बसलेली, तिनेही सासूकडे बघितलं. तिने बघितलं म्हणूनच गोदूबाईची पळायची वाट बंद झाली. वर्षानुवर्षांचं तिचं नाव त्या माइकवर येऊन टेकलं होतं. शेठ पुढे सरसावला, "मावशी, आपण नंतर बोलू…" गोदूबाईने त्याला कोपराने बाजूला केलं. माइक दोन्ही हातांनी धरला. मृणालीच्या पोराकडे बघितलं. आणि मग बोलली, हळू, गोठ्यात बोलली होती त्याच आवाजात:

"मृणाली बाय, तू मना इचारलंस बाळंतिनीला काय देऊ, तं माझ्या सासूनं मना जे दिलं तेच मी तुना सांगितलं, आनि तिनं मना काय दिलंच न्हवतं. म्हशीला काय देऊ असं इचारलं असतंस तं त्याच दिवशी खरं सांगितलं असतं. म्हशीला सासू नसते."